जगबुडीकाठच्या चाचांना, अल नहदाहून

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार आणि सलाम.

हे तुम्हाला एकट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं, तर नेहमीसारखा अंगठा टाकून तुम्ही मोकळे झाला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. आणि मराठीतच लिहितोय, कारण "मी खेडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलोय" हे तुम्ही ऑफिसातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचात.

2025 च्या मे महिन्यात तुम्ही दुबईहून कायमचे गावी निघालात, तेव्हा एअरपोर्टवर आभार मानायला मी तोंड उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, "मेल्या, आधी काट्यावर बघ वजन किती झालं ते." एकतीस किलो झालं होतं, परवानगी तीसची. बॅगेतून खजुराचा एक डबा काढून माझ्या हातात कोंबलात आणि रांगेत शिरलात. आभार तिथेच राहिले.

जुलै 2024 मध्ये मी भुसावळहून दुबईला आलो, तेव्हा ऊन या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत होती. आमच्याकडे मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं. तुम्ही पहिल्याच दिवशी व्हिसाच्या मेडिकल तपासणीला नेताना गाडीत म्हणालात, "तुमचं ऊन कोरडं. हे ओलं आहे. हे अंगावर बसतं." ऑगस्टमध्ये रात्री दहा वाजता बस स्टॉपवर उभं राहून चष्म्यावरची वाफ पुसताना ते मला पटलं.

राहायला होतो रिग्गाला, एका टू बीएचकेच्या हॉलमध्ये. हॉल म्हणजे प्लायवूडचे तीन कप्पे. माझ्या कप्प्यात एक पलंग, एक खुंटी आणि भिंतीऐवजी पडदा. किचनच्या दारावर वेळापत्रक. माझी पाळी रात्री साडेनऊ ते दहा. तेलाच्या बाटलीवर मार्करने नाव. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे, ज्याची बायको गावी आहे तो बॅचलर, हे तिथे कळलं. आमच्या त्या हॉलमधल्या तीन बॅचलरांना मिळून सहा मुलं होती. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पप्पा, तुमचं घर दाखवा ना." मी फोन घेऊन जिन्यात गेलो आणि तिला लिफ्ट दाखवली.

मग स्वतःचं घर बघायला लागलो, एकट्याने, तुम्हाला न विचारता. एका माणसाने फोटो पाठवले. वन बीएचके, सोफ्यासकट, वर्षाचे अडतीस हजार दिरहम. आणखी तिघे रांगेत आहेत, आजच्या आज तीन हजार रोख टोकन द्या. मी पैसे काढून खिशात ठेवले होते. जेवणाच्या सुट्टीत सहज बोलून गेलो आणि तुम्ही डबा बाजूला सारलात. माझ्या फोनवरून त्याला लावलात आणि एकच विचारलंत, "भाई, आपका बीआरएन क्या है?" ब्रोकरला सरकारकडून मिळतो तो नंबर. समोरून फोन कट झाला, पुन्हा लागलाच नाही. तुम्ही परत जेवायला लागलात. बोलला काहीच नाहीत, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

नंतरचे तीन शनिवार तुम्ही मला दिलेत. तेही दुपारी. मी म्हणालो होतो, चाचा, संध्याकाळी जाऊ, जरा बरं असतं. तुमचं म्हणणं असं, की 15 जून ते 15 सप्टेंबर साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते. ज्या वेळी सरकार मजुरांना सावलीत बसवतं, त्याच वेळी घर बघायचं. संध्याकाळी सगळीच घरं चांगली दिसतात.

घर बघणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. मी टाईल्स बघत होतो, कपाटं उघडत होतो. तुम्ही आत शिरलात की आधी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायचात आणि तसेच उभे राहायचात, डॉक्टर नाडी बघतो तसे. कुसैसच्या त्या घरात हात ठेवलात आणि लगेच उचललात. "ही भिंत रात्री बारापर्यंत गरम राहणार. एसी हिच्याशीच भांडत बसेल." मग सरकत्या खिडकीच्या खाचेतून बोट फिरवायचात. बोटाला वाळू किती लागते यावरून वारा आला की घरात किती येणार ते कळतं. एजंट घाई करायचा, तुम्ही मात्र एसी लावून अर्धा तास जमिनीवर बसून राहायचात. त्या अर्ध्या तासात दोनदा चहा मागवलात, एजंटलाही पाजलात.

आणि बेसमेंट. ते मात्र मला अजिबात सुचलं नसतं. वाळवंटातल्या शहरात घर बघताना पाण्याची चौकशी करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. 16 एप्रिल 2024 चा पाऊस तेव्हा चार महिन्यांपूर्वीचा होता. 1949 पासून या देशात पावसाच्या नोंदी ठेवतात, त्यात एवढा पाऊस कधी झाला नव्हता. पण चार महिन्यांत सगळं धुऊन पुसून लख्ख झालेलं. एका बिल्डिंगच्या नातूरने (इथे वॉचमनला नातूर म्हणतात, मला वाटायचं ते त्याचं आडनाव आहे) छातीठोकपणे सांगितलं, पाणी आलंच नाही. तुम्ही पार्किंगमधून चालत पंपाच्या खोलीमागे गेलात आणि मला बोलावलंत. भिंतीला नवा रंग होता, पण फक्त कमरेपर्यंत. "आमच्या खेडला बाजारपेठेत जगबुडीचं पाणी शिरलं की पाऊस सरल्यावर आम्हीपण इतकाच रंग मारतो," म्हणालात आणि नातूरला हसून सलाम करून बाहेर पडलात. ते घर मला आवडलं होतं हे आता कबूल करतो.

शारजाच्या बाजूचं अल नहदा मीच काढलं होतं. रस्त्याच्या पलीकडे राज्य बदलतं आणि भाडं खाली येतं, हिशोबाच्या माणसाला मोह होणारच. तुम्ही "सोमवारी सकाळी ये" म्हणालात आणि खरंच सोमवारी साडेसातला मला घेऊन इत्तिहाद रोडच्या गर्दीत गाडी घातलीत. देऱ्याला ऑफिसात पोचलो तेव्हा मी न विचारताच शारजा वहीतून खोडलं. मग दुबईच्या बाजूचं अल नहदा, स्टेडियम मेट्रोपासून चालत जाण्यासारखं.

एका काचेच्या टॉवरमधलं घर चार हजारांनी स्वस्त होतं. तिथे तुमचा प्रश्न, "चिलर कोणाकडे?" गार हवेचं बिल वेगळं येतं, त्याचं डिपॉझिटही वेगळं, आणि उन्हाळ्यात ते किती येईल याचा नेम नाही. जुन्या बिल्डिंगमधलं हे घर 'चिलर फ्री' होतं, म्हणजे ते बिल मालकाच्या डोक्यावर. वरवर महाग, पण वर्षाअखेरीला स्वस्त. मी अकाउंट्समध्ये बारा वर्षं काढली आहेत चाचा, आणि हा हिशोब तुम्ही मला सिगारेटच्या पाकिटावर शिकवलात.

त्या पाकिटावरचा बाकीचा हिशोबही मी जपून ठेवलाय. भाडं 52,000, चार चेक, प्रत्येकी 13,000. एजंटचे पाच टक्के, 2,600. डिपॉझिट पाच टक्के, आणखी 2,600. वीज-पाण्याचं डिपॉझिट 2,000. आणि खाली अधोरेखित करून: दर महिन्याच्या वीजबिलात भाड्याच्या पाच टक्क्यांचा महापालिकेचा हप्ता, म्हणजे 217 च्या आसपास, "हा कोणी सांगत नाही." खरंच कोणी सांगितला नव्हता.

पुढच्या तारखांचे चारही चेक तुमच्यासमोर लिहिले. त्याआधी मालकाच्या मालकीपत्रावरचं नाव, त्याच्या पासपोर्टवरचं नाव आणि चेकवरचं नाव तुम्ही बोट ठेवून तीनदा जुळवलंत. एजंट म्हणाला, अंकल, चेक वटला नाही म्हणून आता पूर्वीसारखं आत टाकत नाहीत, 2022 पासून कायदा बदललाय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझ्या खोलीतला एक पोरगा आत गेला होता. मी त्याच्यासाठी डबा घेऊन जायचो."

करार नोंदवला त्या दिवशी तुम्ही खुशीत होता. भाडेकराराच्या नोंदणीला इथे इजारी म्हणतात, म्हणजे 'माझं भाडं'. बिल्डिंगच्या दाराशी दहा आकडी मकानी नंबराची पाटी असते, मकानी म्हणजे 'माझी जागा'. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे इजारा होता, मकान आहे, शब्द सगळे ओळखीचे. फक्त इथे मागे 'माझं' लावतात आणि वर्षाने परत विचारतात. त्यावर स्वतःच इतके हसलात, की काउंटरवरच्या मुलीने वळून बघितलं.

चावी मिळाली त्या संध्याकाळचं मात्र मला वेगळं लिहायचं आहे.

घरात काही नव्हतं. दिवा नव्हता, वीज दुसऱ्या दिवशी येणार होती. तुम्ही बेडरूमचं दार आतून लावलंत, कडी घातलीत, काढलीत, परत घातलीत. मला वाटलं कडी तपासताय. बराच वेळ बाहेर आला नाहीत म्हणून हाक मारली, तर आतून म्हणालात, "जरा पडतो." वीस मिनिटं तुम्ही त्या उघड्या फरशीवर झोपलात, दाराला कडी घालून, त्या उकाड्यात. मी हॉलमध्ये मोबाईलच्या उजेडात गॅसच्या नळीचं माप घेत बसलो.

तुम्ही 1991 पासून इथे बेडस्पेसवर, म्हणजे दुसऱ्यांबरोबरच्या खोलीत भाड्याच्या एका पलंगावर, राहताय, हे मला त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑफिसात दुसऱ्याकडून कळलं. आधी सतवा, मग नैफ, मग मुरक्कबात. बायकामुलांना आणायचं तर पगार चार हजार तरी लागतो, किंवा तीन हजार आणि राहायची सोय. तो आकडा तुमच्या पगाराने गाठला तेव्हा मुलं दापोलीला कॉलेजात होती आणि चाचींनी यायला नकार दिला होता. मी विचारलं तेव्हा तुम्ही "हो ना, राहून गेलं" म्हणालात आणि माझ्या बायकोच्या व्हिसाचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेत का ते विचारलंत. किती जणांना घर शोधून दिलंत तेही मी विचारलं होतं. "मोजले नाहीत," म्हणालात. मला ते खोटं वाटतं, कारण तुम्ही पेट्रोलची प्रत्येक पावती लिहून ठेवता.

तुम्ही गेल्यावर महिन्याभरात महापालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बर्शा, रफ्फा इथल्या पार्टिशनच्या घरांवर कारवाई सुरू केली. आग लागली तर कोणी बाहेर पडू शकणार नाही हे खरंच आहे, मी त्या प्लायवूडमध्ये राहिलोय. पण माझ्या जुन्या कप्प्यातला मुलगा दोन बॅगा घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आला. आठ दिवस हॉलमध्ये झोपला. आता मीही शनिवारी दुपारी घरं बघायला जातो, त्याच्याबरोबर. भिंतीवर हात ठेवतो. मला अजून तुमच्याएवढं कळत नाही.

मालकाचा मेसेजही आला होता, जुलैच्या पहिल्या आठवड्यात: सप्टेंबरपासून सहा हजार वाढवणार. मी वही उघडली. करारात बदल करायचा तर मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी कळवावं लागतं, हे तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे, शेजारी 2007 आणि 2008 अशा कायद्यांच्या दोन सालांसकट. मी अदबीने तेवढंच लिहून पाठवलं, तुमच्या सांगण्याप्रमाणे सुरुवातीला ईदच्या मागच्या शुभेच्छांची आठवण देऊन. भाडं तेच राहिलं.

लेक आता इथल्या शाळेत जाते. आल्या आल्या पहिल्या उन्हाळ्यात ती नळाखाली हात धरून ओरडली, पप्पा, गार पाण्याच्या नळाला चटका बसतो! तेव्हा तिच्या आईला मी ऐटीत तुमची युक्ती सांगितली: गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, म्हणून जून आला की गीझरचं बटण बंद करायचं आणि ऑक्टोबरपर्यंत आंघोळ गरम पाण्याच्या नळाने करायची. गीझरची टाकी घरात असते, एसीच्या गारव्यात तिच्यातलं पाणी निवतं. बायकोला वाटलं हे मी शोधून काढलं. तो गैरसमज मी चार दिवस राहू दिला. काल रात्री थंडी जरा जाणवली, तेव्हा बटण पुन्हा चालू केलं.

खजुराचा डबा अजून फोडलेला नाही. डिसेंबरात सगळे गावी येतोय, तेव्हा पनवेलला गाडी बदलून खेडला उतरेन आणि डबा चाचींच्या हातात देईन. तुम्ही घरी असाल की नाही ते आधी कळवणार नाही, म्हणजे "कशाला एवढ्या लांब" म्हणायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. बायको वांग्याचं भरीत बरोबर देणार आहे. तुमच्या घरी पश्चिमेची भिंत कुठली, ते मी आल्यावर स्वतः बघेन.

तुमचा,
भुसावळवाला