कडेला टेप लावायची असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेवढे दिवस गाडी अंगणात हापूसच्या कलमाखाली उभी होती. कलमाखाली उभ्या गाडीवर काय काय पडतं ते आम्हा पावसच्या लोकांना सांगायला नको. चीक, कावळ्यांची घाण, जांभ्याची तांबडी धूळ आणि वर खाऱ्या वाऱ्याचा थर. मुलीला वाटलं, बाबा बरे होऊन गाडीत बसतील तेव्हा ती नवीसारखी दिसावी. तिने साडेनऊ हजार रुपये भरले आणि जावईबापू रत्नागिरीला एका दुकानात पॉलिश आणि कोटिंगसाठी गाडी देऊन आले. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका दुकानापुरतं नाही.

गाडी परत आली तेव्हा मी काळ्या चष्म्यातून पाहिली. चकाकत होती. छान झाली असं मी बोललोसुद्धा. पुढे जूनचे पहिले पाऊस पडून गेले, एक दिवस लख्ख ऊन पडलं, चष्माही सुटला होता, आणि मी अंगणात गेलो. बॉनेटवर डाव्या बाजूला जी उभी घडी आहे तिच्यावर बोटभर लांबीचा करडा पट्टा. त्यावर निळ्या पेनने गिरवल्यासारखा टचअप केलेला, तो पावसाने अर्धा निघालेला. टपाच्या कडेला तळहाताएवढा मेलेला डाग. साऱ्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं. दारांच्या काळ्या पट्ट्यांवर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, वाळून पांढरं झालेलं.

मी ३१ वर्षं एसटीच्या कार्यशाळेत रंगकाम केलं. २०१७ साली निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी निवृत्तीच्या पैशातून ही गडद निळी मेटॅलिक गाडी घेतली. काय झालंय ते कळायला मला हात फिरवण्याची गरज नव्हती. तरी फिरवला, आणि मग बराच वेळ तिथेच पायरीवर बसलो.

वाचकांना हे समजावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर बेस म्हणजे खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सगळा रंग मिळून जेमतेम दोन केसांएवढा जाड. त्यातला क्लिअर फक्त ४०-५० मायक्रॉन. चमक त्याची, आणि उन्हापासून खालच्या रंगाला राखायचं कामही त्याचंच. रबिंग म्हणजे हा क्लिअर थोडा थोडा खरवडून काढणं. ओरखडा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर खाली आणला जातो. म्हणून गाडीला आयुष्यात रबिंग किती वेळा करायचं याला मर्यादा आहे. गेलेला क्लिअर कुठल्याही पॉलिशने परत येत नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

कडा आणि घड्या तर फारच नाजूक. रंग ओला असतो तेव्हा तो धारेवरून दोन्ही बाजूंना सरतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ बसतो. वर बफिंग मशीनची गादी तिथून जाताना सगळा दाब एका रेषेवर येतो. गोल गोल एकाच आसावर फिरणारं मशीन एका जागी दोन-चार सेकंद जास्त थांबलं तरी रंग तापून जळतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर आणखी लवकर, कारण पत्रा उष्णता पसरवतो तशी प्लॅस्टिक पसरवत नाही. म्हणून मशीन लावण्याआधी कडांना, घड्यांना, काळ्या पट्ट्यांना कागदी टेप लावायची असते. पाच मिनिटांचं काम. टेपेच्या जागेवर शेवटी हाताने फडकं फिरवायचं. एसटीत आम्ही इनॅमल रंग मारायचो, ही क्लिअरची भानगड नव्हती, तरी आमचे मिस्त्री नव्या पोराला पहिले सहा महिने भंगारातल्या दारावरच घासायला लावत. चालत्या गाडीला हात लावू देत नसत.

गाडी घेऊन मी दुकानात गेलो. मालक आदराने बोलला, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "काका, हे आधीपासूनच होतं. सात-आठ वर्षांची गाडी आहे." एप्रिलमध्ये विम्याची मुदत दोन दिवस उलटून गेली होती, त्यामुळे विमा कंपनीच्या माणसाने घरी येऊन गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले होते. जावईबापूंच्या फोनमध्येही ते होते. त्यात बॉनेटची घडी स्वच्छ दिसते. ते दाखवल्यावर तो म्हणाला, "ठेवून जा, पुन्हा एकदा मशीन मारून फुकट कोटिंग करून देतो." म्हणजे उरलासुरला क्लिअरही काढणार! गाडी परत मिळाली तेव्हा जी चमक होती ती बरीचशी वरून लावलेल्या तेलकट ग्लेझची होती. ग्लेझ ओरखड्यांत भरून बसतं, काही धुण्यांत निघून जातं आणि खालचं सगळं उघडं पडतं. अशा गाडीला पुन्हा मशीन लावू देऊ नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

ओळखीच्या एका पेंटरकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे. हातात मावेल एवढं यंत्र, पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. ज्या दाराला मशीन लागलं नव्हतं तिथे १२० आले. बॉनेटच्या मधोमध १०४. टपाच्या डागावर ७१. हे मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर किती उरला ते वेगळं सांगत नाही. पण काम सुरू करण्यापूर्वी दहा ठिकाणी टेकवून आकडे कागदावर लिहिले असते तर कुठे हात आखडता घ्यायचा ते मशीन चालवणाऱ्याला कळलं असतं आणि आमच्यात वादच उरला नसता.

कोणी म्हणेल, बोटभर पट्ट्यासाठी एवढं काय. कोरड्या मुलखात तो पट्टा वर्षानुवर्षं तसाच राहीलही. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावससारख्या गावात हवेत बारमाही मीठ. उघडा प्रायमर ओल शोषतो, ओल आणि मीठ पत्र्यापर्यंत पोचलं की रंगाखाली गंज धरतो आणि पुढे फोड येतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला गाडीच्या रंगाची काळजी असते ती मिरवण्यासाठी नव्हे, पत्रा टिकावा म्हणून.

मी बिल मागितलं. आमच्याकडे होता तो पाकिटाच्या मागे लिहिलेला आकडा आणि मुलीच्या फोनवरची पैसे गेल्याची नोंद. "बिल पाहिजे तर वर अठरा टक्के जीएसटी पडेल," असं उत्तर आलं. हे उत्तर आपण सगळे ऐकतो आणि गप्प बसतो. मीही आजवर बसलो आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवा देऊन बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. निष्काळजी काम ही सेवेतली त्रुटी आहे. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. मी एवढंच केलं: एका पानावर तारखा, फोटो, मीटरचे आकडे आणि दुरुस्तीचा खर्च लिहून दुकानाला स्पीड पोस्टने पाठवला, आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आयोगाकडे जाईन असं लिहिलं. नवव्या दिवशी मालकाचा फोन आला. बॉनेट रंगवायचे सात हजार त्याने दिले. टपाचा डाग जुना म्हणून नाकारला. तो खर्च मी सोसला.

एवढ्यावर मी हे पत्र लिहिलं नसतं. पैसे आणायला गेलो तेव्हा मशीन चालवणारा मुलगा बाहेर हौदाजवळ उभा होता. एकोणीस-वीस वर्षांचा, लांज्याकडचा. मला पाहून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, टेप लावायची असते हे मला कोणी सांगितलंच नाही." कामाला लागून त्याला दीड महिना झाला होता. चौथ्या दिवशी त्याच्या हातात मशीन दिलं होतं. आणि माझे सात हजार त्याच्या पगारातून महिना हजार रुपयांनी कापले जाणार होते.

मी आत गेलो आणि मालकाला सांगितलं की हे पैसे मी या पोराच्या पगारातून घेणार नाही. चूक शिकवणाऱ्याची, म्हणजे तुमची. न शिकवता मशीन देणं, मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली गरम बॉनेटवर काम करायला लावणं, आणि जळल्यावर पेनने झाकून गाडी घरी पाठवणं, यातलं काहीही त्या मुलाने ठरवलेलं नव्हतं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी पगार कापणार नाही असं त्याने मुलासमोर कबूल केलं. तो शब्द पाळला जातोय का ते मी अधूनमधून विचारत असतो.

या धंद्यात आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुलं आता येत आहेत, मुंबईला जाण्याऐवजी इथेच काम मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच दुकानदारांना विनंती आहे. जाडी मोजायचं मीटर घ्या. गाडी घेताना ग्राहकाला उभं करून आकडे आणि जुने डाग कागदावर लिहा, त्याची सही घ्या, बिल द्या. आणि नव्या मुलाला भंगारातल्या पत्र्यावर तयार करा. ग्राहकांनीही गाडी देण्यापूर्वी फोटो काढावेत आणि परत घेताना सावलीत नव्हे, उन्हात उभी करून पाहावी.

मी भंगारवाल्याकडून सहाशे रुपयांना एक जुनं बॉनेट आणलं आहे. मागच्या पडवीत लाकडी घोड्यावर ठेवलंय. लांज्याचा तो मुलगा दोन रविवार येऊन गेला, दुसऱ्या वेळी घडीवरून न जाळता मशीन नेलं त्याने. आणखी कोणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी आठ ते अकरा मी घरी असतो, पत्ता आपल्या कार्यालयाकडे देऊन ठेवला आहे. मशीन मात्र ज्याने त्याने आपलं आणावं, माझ्याकडे नाही. टेप मी देईन.

आपला,
एसटीचा एक निवृत्त रंगारी
पावस, ता. जि. रत्नागिरी