माघातल्या खेट्यांआधी जोतिबाच्या पायवाटेवर जाळरेषा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माघ तोंडावर आला आहे. रविवारी पहाटे कोल्हापूरकर घराबाहेर पडतील, शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाला पोहोचतील आणि तिथून झाडीतल्या पायवाटेनं जोतिबाचा डोंगर चढतील. हिमालयाकडे निघालेल्या देवाला थांबवायला अंबाबाई करवीराहून अनवाणी डोंगरावर गेली, अशी या खेट्यांमागची, म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी वारीमागची, कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. पुष्कळ जण आजही चपला घरी ठेवूनच निघतात. माझ्या आईनं हे खेटे घातले, मी घालते, आणि आता माझी नात हट्टानं बरोबर येते.

नेमक्या याच दिवसांत डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि वणव्यांना सुरुवात होते. वनखात्याच्या हिशेबानं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. खेटे, त्यानंतर होळी, मग चैत्र यात्रेला सासनकाठ्यांबरोबर येणारे लाखो भाविक, हे सगळं याच चार महिन्यांत येतं. म्हणून वाटेकडेचं गवत कापून वणवा अडवणारा उघडा पट्टा, म्हणजे जाळरेषा, वेळेत काढावी यासाठी हे पत्र आत्ताच लिहिते आहे. आग लागल्यावर फोटो छापून येतात, हळहळ होते, आणि पहिला पाऊस पडला की सगळे विसरतात.

गेल्या उन्हाळ्यात गायमुखाच्या वरच्या चढावर जळून गेलेला एक पट्टा मी जवळून पाहिला. वाटेच्या दोन्ही बाजूंना राख होती आणि त्या काळ्या राखेत गोगलगायींचे पांढरेफटक शंख विखुरले होते. पावसाळ्यात याच वाटेवर त्या पायाखाली येऊ नयेत म्हणून आम्ही जपून चालतो. करवंदीच्या जाळ्यांचे नुसते काटेरी सांगाडे उरले होते. कुणीतरी हौसेनं लावलेल्या रोपांभोवतीची हिरवी प्लॅस्टिकची जाळी वितळून खोडांना चिकटली होती. एका रोपाच्या बुंध्याशी पाणी घालण्यासाठी केलेलं आळं तसंच होतं, दगड नीट रचलेले. कुणी तरी खालून कॅन उचलून आणून त्या रोपाला पाणी घालत होतं. जोतिबावर दर पावसाळ्यात झाडं लावली जातात, त्याच्या बातम्या आपणही छापता. ती झाडं कशानं जातात हे बघायचं असेल तर मार्चमध्ये त्या वाटेनं एकदा चालून यावं.

मी या पंचक्रोशीतल्या प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे पायथ्याच्या गावांतली माणसं ओळखीची आहेत. गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांना मी सरळच विचारलं, "मामा, हे गवत पेटवतंय कोण?" त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "वरनं जाळलं की खालनं कवळं येतंय, बाई. माझा बा बी असंच करायचा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. डोंगर जाळून मजा बघणारा माणूस मला तरी या गावांत भेटलेला नाही. जनावर जगलं पाहिजे एवढाच त्यामागचा विचार असतो.

जळलेल्या जागी आठ-पंधरा दिवसांत हिरवी पाती फुटतात हे खरं आहे. पण मी मामांना कुसळ दाखवलं. खेट्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या साडीला, पँटला चिकटतं तेच हे गवत. त्याच्या बीला टोकदार सुई असते आणि मागं पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःच जमिनीत शिरतं. वरून आग गेली तरी मातीत गेलेलं ते बी वाचतं. जी चांगली गवतं आणि झुडपं इतकी कणखर नसतात ती दरसाल आगीत कमी कमी होत जातात आणि शेवटी माळावर कुसळीचंच राज्य होतं. कुसळ बीवर आलं की गुरं त्याला तोंड लावत नाहीत, तोंडात टोचतं. म्हणजे चाऱ्यासाठी जाळायचं आणि चाराच घालवायचा, असं चाललं आहे. मामांनी ते बी तळहातावर घेतलं, थुंकी लावून फिरताना पाहिलं आणि म्हणाले, "हे पोरास्नी दाखवाया पायजे." अशी समजूत पटवायला बैठक लागत नाही. गावच्या शाळेतले गुरुजी आणि बाई हे दहा मिनिटांत करू शकतात. या महिन्यात त्यांनी ते करावं अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आग सगळी चाऱ्यासाठीच लागते असंही नाही. उसाचे हंगाम चालू असतात, तोड झाली की फडात पाचट पेटवतात. बांधाला लागून गवताचा पड, म्हणजे पडीक रान, असेल आणि दुपारचा वारा डोंगराकडे असेल तर ती आग बघता बघता वर चढते. उतारावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून सुकवतात, म्हणून चढावर आग माणसाच्या पायापेक्षा वेगानं जाते. पाचट कुजवलं तर त्याचं खत होतं, हे आता शेतकऱ्यांना माहीत आहे. तरी ज्यांना जाळायचंच आहे त्यांनी निदान भर दुपारी, वाऱ्यात जाळू नये आणि आग पूर्ण विझेपर्यंत फड सोडू नये.

आणि आपण शहरातली माणसं? डोंगराच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडायची, मटण शिजवायचं, रस्सा ओरपायचा आणि निखारे तसेच सोडून खाली उतरायचं, हे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. रस्सा मंडळांच्या आनंदावर मला पाणी ओतायचं नाही, पण निखाऱ्यांवर मात्र ओतलंच पाहिजे. फेब्रुवारीनंतर तर चूल घरच्या परड्यातच पेटवावी. पेटती विडी-सिगारेट गवतात टाकणाऱ्याला तर सोबतच्या माणसानं तिथंच अडवलं पाहिजे, मग तो पाहुणा असो की भावकीतला.

आता माझी मुख्य मागणी. वणवा अडवायला जाळरेषा काढतात. गवताचा पट्टा कापायचा, कापलेलं गवत देखरेखीखाली जाळून किंवा उचलून जमीन उघडी ठेवायची. आग तिथवर आली की तिला पुढं खायला काही मिळत नाही. वनखात्याची माणसं हे काम करतात, आग लागली की ब्लोअर आणि ओल्या फांद्या घेऊन रात्री-अपरात्री धावतात. पण डोंगर मोठा, माणसं थोडी, आणि उतारावर मालकीचे पडही आहेत. माझं म्हणणं असं की गायमुखापासून वर जाणारी आपली पायवाटच जाळरेषा करावी. वाट आहेच, हजारो पावलांनी मळलेली. तिच्या दोन्ही अंगांना दीड-दोन मीटर गवत कापलं की पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक उघडा पट्टा तयार होईल आणि एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला उडी मारायची शक्यता पुष्कळ कमी होईल. कापायचं ते फक्त गवत. करवंद, धायटी, आपटा, जांभूळ यांच्या एकाही रोपाला विळा लागता कामा नये. धायटी याच दिवसांत लाल फुलांनी भरते आणि मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात. रातवा पक्षी तर घरटंही बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. त्यामुळे काम उशिरा, मार्चमध्ये करून चालणार नाही. पौष संपायच्या आत व्हायला हवं.

यासाठी मोठा निधी लागत नाही. विळे, पंजे, हातमोजे आणि दोन-तीन रविवार. कोल्हापुरातल्या तालमी, गिर्यारोहण करणारी मंडळं, पन्हाळा ते पावनखिंड वाट दर पावसाळ्यात तुडवणारी तरुण मुलं, यांनी ठरवलं तर माणसांची कमतरता पडणार नाही. शहरातल्यांनी गवत कापावं आणि पायथ्याच्या शेतकऱ्यांनी तेच गवत गुरांसाठी, छपरासाठी उचलून न्यावं, म्हणजे जाळायलाही फारसं उरणार नाही. मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय कुणी एक काडीही पेटवू नये. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. धूर दिसला तर १९२६ या वनखात्याच्या टोल फ्री क्रमांकावर लगेच फोन करावा, व्हिडिओ काढत उभं राहू नये.

वनखात्याला मी परवानगीसाठी अर्ज दिला आहे. त्यात वाटेचा हातानं काढलेला नकाशा जोडला असून, गवत जास्त दाटलेली आणि मालकीच्या पडाला लागून असलेली ठिकाणं लाल शाईनं दाखवली आहेत. संबंधित शेतकऱ्यांशी बोलणं सुरू आहे. परवानगी मिळताच पहिल्या रविवारची तारीख आपल्याला कळवीन. ती छापावी, आणि हे पत्रही माघ लागायच्या आधी छापून यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर