चि. एस्तेरला : घरच्या नाताळाविषयी

अहिल्यानगर,
१६ नोव्हेंबर

चि. एस्तेर हिला,
ख्रिस्तात सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

या वर्षी सुमितरावांना रजा मिळत नाही आणि तुम्हाला नाताळ जर्मनीत ड्रेस्डेनलाच करावा लागणार, हे तुझ्या पत्रातून समजले. त्याच पत्रात तू विचारले आहेस की, आपली चर्चची मंडळी तिथे नाही, रात्री नाताळची गाणी म्हणणारे कॅरलवाले दारात येणार नाहीत, आजी-आजोबा आणि मावश्या जवळ नाहीत, तर सात वर्षांच्या मीखाला आणि चार वर्षांच्या ताराला घरातल्या घरात नाताळ कसा द्यावा. हा विषय फोनवर उरकण्याजोगा नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. माझे सांगणे थोडक्यात असे की, मुलांसमोर नाताळ तयार करून मांडू नका; तो त्यांच्या हातून करवून घ्या. ज्या सणात मुलाला नेमून दिलेले काम असते, तो सण त्याला आपला वाटतो, आणि जिथे त्याने नुसते बसून भेटवस्तू उघडायच्या असतात, तिथे संध्याकाळपर्यंत कंटाळा येतो.

मंडळीवाचून नाताळ अपुरा राहील, या तुझ्या काळजीविषयी आधी लिहिते. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. ते मिशनरी अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंड भागातून आले, तिथल्या त्यांच्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट, पूर्वजांना नाताळ मान्यच नव्हता. त्याच भागातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला, तो १६८१ पर्यंत टिकला, आणि नाताळाची सरकारी सुट्टी तिथे १८५६ मध्ये मिळाली. अशा परंपरेतल्या माणसांनी आपल्या आज्यांना करंज्या तळायला, दारात कंदील लावायला किंवा झांजा-ढोलकीच्या साथीने रात्रभर भजने म्हणायला खासच शिकवले नसेल. त्यांनी शास्त्र आणि शाळा दिली. सण मात्र, मला वाटते, आपल्या बायामाणसांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि अंगणात, त्यांना ठाऊक असलेल्या रीतींतून उभा केला. म्हणूनच मी ठामपणे म्हणते की, तो तुझ्याही स्वयंपाकघरात उभा राहू शकतो.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याचे चार रविवार, सुरू होईल, त्या दिवसापासूनच मुलांना कामाला लाव. तू ज्या देशात आहेस, तिथे वाट पाहण्याची फार सुंदर रीत आहे. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवीत असत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसवल्या आणि दररोज एक जास्त पेटवू लागले. आज तिकडे घरोघरी असणारे चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे त्यातूनच आले आहे. ते विकत न आणता मुलांसह फिरायला जाऊन पडलेल्या फांद्या गोळा करून बांधा. मेणबत्ती तू पेटव, फुंकर ताराला घालू दे, आणि पेटलेल्या मेणबत्तीपाशी मुलांना क्षणभरही एकटे सोडू नकोस. प्रत्येक रविवारी मीखाने एक वचन पाठ म्हणावे. इथे संडे स्कूलमध्ये तू जशी नव्या फ्रॉकचे टोक मुठीत धरून वचने म्हणत असायचीस, तसे त्याने सगळ्या मंडळीसमोर म्हणायला हवे होते. यंदा त्याचे श्रोते तुम्ही तिघे असाल, आणि आम्ही दोघे फोनवर असू.

आता कंदिलाविषयी. तुझे बाबा बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी बांधतात आणि तिला खळ लावून पतंगी कागद चिकटवतात, ती मीखाने गेल्या खेपेस पाहिली आहे. तुमच्या सॅक्सनी प्रांतातही याच कामाचे मोठे घराणे आहे. ड्रेस्डेनच्या पूर्वेला हेर्नहुट हे गाव आहे, तिथल्या मोरेवियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या नीस्की येथील शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुले भूमितीचा धडा म्हणून कागदाच्या अनेक टोकांच्या चांदण्या करीत असत. तीच पंचवीस टोकांची चांदणी आता तुझ्या रस्त्यावरच्या कितीतरी खिडक्यांत दिसत असेल. त्या पंचवीसपैकी सतरा टोके चौकोनी पायाची आणि आठ त्रिकोणी पायाची असतात. मीखाला मोजायला फार आवडते, त्याला प्रत्यक्ष चांदणीखाली उभे करून मोजायला लाव. मात्र घरी तुम्ही आपली पाच टोकांचीच करा, कारण ती सात वर्षांच्या मुलाला जमते. बांबूच्या कामट्या मिळणार नाहीत, पण बागकामाच्या दुकानात वेलींना आधार द्यायच्या बारीक काठ्या मिळतात, त्या चालतील. दोन सारख्या चांदण्या बांधायच्या, टोकांना टोके जोडायची आणि मधल्या पाच कोनांत लहान काड्या आडव्या बसवून त्यांना एकमेकींपासून दूर ठेवायचे. ही जागा साधली की चांदणी फुगीर होते आणि आत छोटा विजेचा दिवा मावतो. कागद वाकडा चिकटला तरी तो काढून पुन्हा सरळ करू नकोस. तिकडे डिसेंबरात चारच्या सुमारासच अंधार होतो, ही तुला खंत वाटते, पण कंदील लावण्याचा मान मुलांना रोज झोपण्याच्या कितीतरी आधी मिळेल, हे ध्यानात घे.

फराळाच्या बाबतीत तू लिहिले आहेस की, तिथे उत्तम केक आणि श्टोलन मिळते, मग एवढा खटाटोप कशाला करायचा. श्टोलन जरूर आणा. ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ पासून भरतो आणि त्या बाजाराचे नावच या पावाच्या जुन्या नावावरून पडले आहे. पिठीसाखरेत घोळलेला तो लांबट पाव बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळासारखा दिसतो, असे तिकडची माणसे सांगतात, ते मुलांना सांग. पण विकतच्या श्टोलनमध्ये मुलांना काम नसते, आणि शंकरपाळ्यांत ते भरपूर असते. एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि एक वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळली की उतरवायचे, कोमट झाले की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा घालून घट्ट भिजवायचे, हे प्रमाण तुला पाठ असेलच. तिकडे मैद्याच्या जागी ४०५ क्रमांकाचे पीठ वापर. पोळी तू लाट आणि कातण मुलांच्या हाती दे. ताराचे शंकरपाळे तिरपे आणि लहानमोठे होतील, ते वेगळे ठेवून त्याच आकाराचे एकत्र तळ, नाहीतर लहान करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. तळण चालू असेल तेव्हा मुले टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाच असली पाहिजेत, याबाबत ढिलाई नको.

करंज्या थोड्या का होईना, पण करच. तिकडचे खवलेल्या खोबऱ्याचे पाकीट आपल्या सुक्या खोबऱ्याच्या किसापेक्षा फार बारीक असते, ते मंद आचेवर भाजावे आणि रंग बदलू लागताच कढईतून काढून ताटात पसरावे. तिथली खसखस निळसर काळी असते, तिने सारण काळपट दिसते. तुला ते रुचणार नसेल तर तिच्याऐवजी भाजलेले तीळ कुटून घाल. पारीच्या कडेला दुधाचे बोट फिरवण्याचे काम ताराचे आणि कड दाबण्याचे मीखाचे. एखादी करंजी तेलात फुटली तर ती कोणी दाबली होती, याची चौकशी करू नये.

फराळ झाला की पहिले ताट शेजारी जाऊ दे. दिवाळीत आपल्याकडे वाड्यातल्या प्रत्येक घरून ताट येते आणि नाताळात आपले ताट त्यांच्याकडे जाते, हे देणेघेणे माझ्या दृष्टीने सणाचा गाभा आहे. तुमच्या जिन्यावरचे बहुतेक शेजारी चर्चला जात नाहीत, असे तू लिहितेस. त्याने काही अडत नाही, दिवाळीच्या ताटामागेही आपण कोणी कोणाचा धर्म विचारत नाही. ताट मीखाने धरावे, घंटी ताराने वाजवावी, आणि काय दिले ते दोघांनी जर्मनमध्ये स्वतः सांगावे. तळमजल्यावरच्या ज्या आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे मात्र तूही जा आणि थोडा वेळ बस.

सांताक्लॉजविषयी मीखाच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, असे सुमितराव विचारत होते. खोटे सांगू नये, असे माझे मत आहे. ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला ते संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा येथे बिशप होते. तीन मुलींच्या बापाजवळ हुंड्याला पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. सहा डिसेंबरच्या आदल्या रात्री तिकडे मुले बूट घासून दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. बूट ठेवू दे, आणि हीच गोष्ट त्यांना सांग. न सांगता देण्यातली गंमत मुलांना चांगली कळते. त्यानंतर त्यांच्याच खेळण्यांतले एक चांगले, न मोडलेले खेळणे त्यांनी निवडून दुसऱ्या कोणाला द्यावे.

येशूच्या जन्माचा गोठा पुठ्ठ्याचा करा. मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांना, पहिल्याच दिवशी त्यात उभे करू नका. त्यांना लांबच्या खिडकीत ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा, म्हणजे ते सहा जानेवारीला पोहोचतील. ते तीन होते असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही, मत्तयाने फक्त सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी सांगितल्या आहेत. तेव्हा ताराला पाच मागी हवे असतील तर खुशाल पाच होऊ देत.

आणि चोवीस तारखेला, भेटवस्तूंना हात लावण्यापूर्वी, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचने मराठीतून मोठ्याने वाचा. त्याला पाचेक मिनिटे लागतात. तिथल्या चर्चमध्ये त्या दिवशी दुपारनंतर मुलांचे जन्मोत्सवाचे नाटक होते, त्याला अवश्य जा, पण ती जर्मनमधली गोष्ट असेल; घरची गोष्ट मराठीतच झाली पाहिजे. मुलांनी शाळेत जर्मन बोलावे, आपसांतही बोलावे, माझी तक्रार नाही. परंतु ज्या शब्दांत त्यांच्या पणजीने कंदिलाच्या उजेडात हा अध्याय वाचला, ते शब्द त्यांच्या कानांवर वर्षातून एकदा तरी त्यांच्या आईच्या आवाजात पडावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मध्येच प्रश्न येतील, त्यांना थांबवू नकोस. नावनिशी म्हणजे काय, असे मीखा विचारेल; नव्या घरी आल्यावर तुम्ही सगळे पत्ता नोंदवायला सरकारी कार्यालयात गेला होता, तेच योसेफ आणि मरीयेला दूरचा प्रवास करून करावे लागले, असे सांगितलेस की त्याला कळेल. उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नव्हती, हे परक्या गावात घर शोधत फिरलेल्या तुम्हा दोघांना मी काय समजावणार? गव्हाण कशी असते, ते मात्र मुलांनी पाहिलेले नाही, म्हणून तुझ्या मामाच्या गोठ्यातल्या गव्हाणीचा फोटो बाबा पाठवतील.

त्या दिवशी तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजतील, तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतील. आपल्या गल्लीत कॅरलवाले त्याच सुमारास येतात. मी पाळकसाहेबांशी बोलून ठेवले आहे. अंगणात पेटी आणि ढोलकी आली की आम्ही फोन लावू आणि पहिले भजन तुम्ही तिकडून आमच्याबरोबर म्हणायचे, म्हणून त्याची दोन कडवी मुलांकडून आत्तापासूनच घोटून घे. मीखाला टाळ हवे होते, ते बाबांनी घेतले आहेत. कातण, करंजीचा साचा आणि मुलांचे नवे कपडे यांच्यासह ते या आठवड्यात पार्सलने निघतील. ताराच्या फ्रॉकची उंची मी अंदाजाने धरली आहे, खाली दुमड ठेवली आहे, ती गरजेप्रमाणे उसव. तुपाचा डबा पाठवता येणार नाही, तेवढे तिथेच लोणी कढवून कर, आणि चांदणी टांगली की तिचा फोटो पाठव.

सुमितरावांना आमचा सलाम सांग. मुलांना गोड पापा.

तुझी,
आई