बाय, तुझं नाव मठात देऊन आले

बाय,

काल फोन मधेच कट झाला, तुझ्या तिकडे लेहला रेंजचं काही खरं नाही, म्हणून लिहूनच पाठवते. गुरुवारी मी कार्मेल पंथाच्या सिस्टरांच्या मठात गेले होते. शाळा न् दवाखाने चालवणाऱ्या सिस्टर वेगळ्या, या बंद मठातल्या, एकदा आत गेल्या की डॉक्टर किंवा मतदान असल्या कामाशिवाय बाहेर येत नाहीत. आत एक छोटी खोली आहे आणि भिंतीत पिंपासारखं गोल लाकडी कपाट, आपण वस्तू ठेवायची, पलीकडून सिस्टर ते फिरवतात, चेहरा दिसत नाही. मी वाडीतली राजेळी ठेवली आणि वर चिठ्ठी, तुझं नाव, मिलिटरी नर्सिंग, लेह. कपाट करकरत फिरलं, केळी गेली आणि आतून एक म्हातारा आवाज आला, "तिची नाईट ड्युटी किती वाजता सुरू होते?"

मला रडूच आलं गं. सगळे विचारतात सुट्टी कधी, लग्नाचं काय, ड्युटीची वेळ आजवर कोणी विचारली नव्हती. मी म्हटलं आठ वाजता. त्या म्हणाल्या, मग बरं झालं, आमची रात्रीची शेवटची प्रार्थना त्याच सुमारास असते, तेव्हा तिचं नाव घेऊ.

दिवसातून सात वेळा स्तोत्रं म्हणायची, वर दोन तास नुसतं गप्प बसून ध्यान, आणि मधल्या वेळात स्वयंपाक, बाग, शिवण. तुझ्या कपाटावर जिचा फोटो आहे ती लहान तेरेजा याच पंथातली. 15 वर्षांची असताना फ्रान्समध्ये लिझ्यूच्या मठात गेली न् 1897 ला टीबीने वारली, वय 24. पुढे 1914 ला महायुद्ध लागलं तर सैनिक खंदकात तिचं चित्र खिशात ठेवायचे आणि मठात त्यांच्या पत्रांचे ढीग यायला लागले, तेव्हा ती संत म्हणून जाहीरही झाली नव्हती, ते 1925 ला. तिच्या सख्ख्या बहिणी त्याच मठात होत्या. मला त्यांचंच सारखं मनात येतं, धाकटी बहीण गेलेली आणि रोज कुठल्या कुठल्या पोरांची पत्रं तिच्या नावाने येतायत, कोणी ओल्या खंदकातून लिहिलंय, कोणी हॉस्पिटलच्या खाटेवरून.

पप्पा विचारत होते, प्रार्थनेने गोळी चुकते का? मी खरं तेच सांगितलं, नेहमी नाही चुकत. स्पेनची मोठी तेरेजा, जिने या मठांची नव्याने घडी बसवली, तिचे भाऊ दक्षिण अमेरिकेत लढायला गेले होते. त्यातला अंतोनियो 1546 ला तिकडच्या क्वितो शहराजवळच्या लढाईत मेला. ती तेव्हा दहा वर्षं मठात होती, भावांसाठी प्रार्थना केली नसेल असं होईल का? पण थांबली नाही ती. दुसरा भाऊ लोरेन्सो, तोही तिकडेच लढलेला, त्याने क्वितोहून पैसे पाठवले आणि 1562 ला स्पेनमधल्या आविलात तिने काढलेला पहिला मठ सुरू झाला त्याला ते उपयोगी पडले. सैनिक भावाच्या पैशांचा हात त्या भिंतींना लागलाय बघ. हे ऐकून पप्पा काही बोलले नाहीत, पण रात्री आठला टीव्ही बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसले, रोजरी हातात घेऊन.

तू म्हणशील मम्मी माझ्या एकटीसाठी कशाला, वॉर्डात माझ्यापेक्षा वाईट हालत असलेली मुलं आहेत. तसंच मी सिस्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या त्यांचीही नावं आणा. आडनाव, युनिट काही नको, तू सांगूही नकोस, नुसतं पहिलं नाव चालेल. पुढच्या गुरुवारी परत जातेय, बुधवारी रात्रीपर्यंत मेसेज कर. सुकेळी वाळत घातलीयत, पार्सल करते, वॉर्डात पण वाट.

तुझी मम्मी