दुरुस्तीची चौथाई

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना उजाडला की 'धोकादायक वाड्यांना नोटिसा' ही बातमी आंब्याच्या भावाच्या बातमीशेजारी छापून येते. तिच्यात पेठांची नावे असतात, वाड्यांचा आकडा असतो आणि 'रहिवासी जीव मुठीत धरून राहत आहेत' हे वाक्य हमखास असते. त्या रहिवाशांपैकी मी एक. जीव मुठीत धरण्याची वेळ येण्याआधी आम्ही काय काय करून पाहतो, ते कुठे छापून येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पानशेतच्या पुरात नदीकाठची जागा गेली, तेव्हा वडिलांनी १९६२ साली कसब्यातल्या या वाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आज त्यांचे भाडे महिना ९० रुपये आहे. आकडा वाचून वाचक हसतील. आमचे मालकही हसतात. त्याकडे पुढे येतोच.

गेल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरावरच्या तुळईच्या टोकाशी, भिंतीत शिरते तिथे, मातीची एक बारीक रेघ दिसली. वाळवी. किल्लीने ठोकून पाहिले तर आवाज पोकळ आला आणि किल्ली बोटभर आत गेली. वर कडीपाट, त्यावर माती, त्यावर कौले. एवढा सगळा भार त्या पोकळ लाकडावर आणि खाली गॅसची शेगडी. सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून पोळ्या बाहेरच्या खोलीत करायला घेतल्या.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. कागदाशिवाय हलत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आणून वाचला. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचे कलम १४ वाचून क्षणभर बरे वाटले. उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने नोटीस दिल्यावर वाजवी मुदतीत (ती किमान १५ दिवसांची हवी) मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. कायदा इतका सरळ असू शकतो, यावर माझा विश्वास बसेना.

नोटीस पोस्टाने पोचपावतीसह पाठवली. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन पाकीट परत आले. १५ दिवस थांबलो, मग सुतार आणि गवंडी बोलावले. कुजकी तुळई काढून तिथे लोखंडी गर्डर टाकला, फुटकी कौले बदलली, पन्हळ नवी बसवली. सगळा खर्च ४८,६०० रुपये झाला. पावत्या फाइलला लावल्या आणि कलम १४ पुन्हा उघडले, तेव्हा त्याच्या शेवटचे परंतुक नजरेस पडले. कायद्याची खोच नेहमी 'परंतु'नंतर सुरू होते, हे नोकरीत शिकलो होतो, तरी विसरलो.

परंतुक असे, की एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

माझे वर्षाचे भाडे १,०८० रुपये. त्याची चौथाई २७०. म्हणजे ४८,६०० रुपये वसूल व्हायला मला १८० वर्षे लागतील. आमच्या पूर्वजांनी चौथाई वसूल करून साम्राज्य उभे केले म्हणतात. मला तर त्यातून एक तुळई उभी करता येत नाही.

हे फक्त माझे रडगाणे नाही. जुन्या पागडीच्या किंवा पिढीजात भाड्याच्या जागांमध्ये भाडे जितके कमी, तितका दुरुस्तीचा हक्कही कमी. आणि भाडे सर्वांत कमी कुठे, तर सर्वांत जुन्या, म्हणजे सर्वांत आधी पडणाऱ्या वाड्यांत. मुंबई शहरात निदान उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. पुण्यातल्या वाड्यांना तसे कोणी नाही.

दुरुस्ती केल्यावर पंधरवड्यात वकिलाची नोटीस आली. मालकांच्या लेखी परवानगीशिवाय 'कायमस्वरूपी बांधकाम' केले, सबब जागा खाली करा. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये जागा परत मागायच्या कारणांची यादी आहे, तिच्यात हे एक कारण आहे. कौलाच्या जागी कौल आणि तुळईच्या जागी गर्डर हे बांधकाम होते का, ते आता लघुवाद न्यायालयात ठरेल. तोवर माझ्या वयाचे काय होईल, ते मी ठरवू शकत नाही.

मालकांची बाजूही मांडतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. वाड्यात सात बिऱ्हाडे. सगळ्यांचे मिळून महिन्याचे भाडे हजाराच्या आत येते. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मिळते, म्हणजे माझ्याकडून त्यांना दरमहा साडेतीन रुपये जास्त. एवढ्यात मालकांनी वाड्याला चुना तरी कसा लावावा? शिवाय आमच्यातली दोन बिऱ्हाडे कुलूपबंद आहेत. माणसे कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि इथे दिवाळीला पणती लावायला येतात. सबळ कारण नसताना सहा महिने जागा वापरली नाही तर मालक ती मागू शकतो, हेही याच कायद्यात आहे. ते कलम त्यांना लावायचे सोडून, जो राहतो आणि स्वतःच्या पैशाने छप्पर सांभाळतो, त्याच्यावर दावा!

पण हिशेब तसा स्पष्ट आहे. वाडा सांभाळला तर मालकांच्या हाती महिना हजार रुपयेही येत नाहीत. वाडा मोडकळीस आला तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस येते, बिऱ्हाडे हलतात आणि बिल्डर येतो. दुरुस्ती न करणे हीच मालकाच्या फायद्याची गोष्ट होऊन बसली आहे. त्यात मालक वाईट असण्याचीही गरज नाही. आमचे मालक तर गणपतीला घरी येऊन प्रसाद घेऊन जातात.

ज्यांच्यावर अशी नोटीस येईल, त्यांना एक सांगावेसे वाटते. वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मात्र सामान हलवण्याआधी आपल्या खोल्यांची मापे, कोण किती क्षेत्रात राहते याची यादी आणि जुन्या भाडेपावत्या महापालिकेच्या दप्तरी नोंदवून पोच घ्या. ढिगारा उचलल्यावर खोली किती बाय किती होती, हे सांगायला भिंत उरत नाही.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या तरुण मंडळींनी तर कलम १४ वर विसंबूच नये. ते भाडेकरूसाठी आहे, परवानाधारकासाठी नाही. तुमचे संरक्षण तुमच्या करारातल्या ओळी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याला एक परिशिष्ट आहे. रंगसफेदी, पाइप बदलणे, वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर आणि तुंबलेले मोरीचे पाणी भाडेकरूकडे. ती यादी करारात उतरवून घ्या. एजंट नाक मुरडेल. मुरडू द्या.

सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने आवश्यक ठरवलेल्या दुरुस्तीला ही एक-चतुर्थांशाची मर्यादा लागू करू नये, आणि तशी दुरुस्ती नोटिशीनंतर केली असेल तर ती 'कायमस्वरूपी बांधकाम' धरू नये. त्याच्या बदल्यात भाडे वाढवा. मी ९० च्या जागी १,५०० द्यायला आनंदाने तयार आहे, पण ती वाढ दुरुस्ती करणाऱ्या मालकालाच मिळावी. आमच्या वाड्यात हे बोललो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. चालायचेच.

तूर्त या वर्षाची वजावट मी केली आहे. चेक २७० रुपये कमी भरून, सोबत हिशेबाचा कागद जोडून पाठवला. मालकांनी चेक वटवला. पावती मात्र अजून दिलेली नाही.

आपला,
एक बिऱ्हाडकरू
कसबा पेठ, पुणे