सामायिक सर्व्हरवर खाते असलेल्या सर्व सभासदांसाठी

एका खात्यात शिरलेले स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्राम) त्याच खात्यापुरते राहते, असे समजू नये. इतरांच्या ज्या फायली सर्वांना वाचायला खुल्या आहेत, त्या त्यालाही वाचता येतात. म्हणून आपापल्या होम डिरेक्टरीची (खात्याच्या मुख्य फोल्डरची) परवानगी आजच ७००, म्हणजे फक्त स्वतःपुरती, करावी. पासवर्ड कमांडच्या ओळीत टाइप करू नये. चालू प्रोसेसची (सुरू असलेल्या प्रोग्रामची) यादी पाहणाऱ्याला तो बहुधा दिसतो. (स्क्रिप्टमध्ये ही सवय सर्रास आढळते.)

स्पायवेअर टिकून राहण्यासाठी नेहमीच्याच जागा शोधते. बॅश-आरसी फाइल (कमांडची खिडकी उघडताच आपोआप चालणारी), क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या, अधिकृत कींची यादी (या की असलेल्याला पासवर्डविना प्रवेश मिळतो) उघडून पाहा. आपण न घातलेली एकही ओळ तिथे नको. बॅश-आरसीमध्ये ‘सुडो’ला (पासवर्ड विचारून अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काम करणाऱ्या कमांडला) दुसरेच काही जोडलेले दिसले, तर पासवर्ड चोरीला गेला असेच धरावे.

अनोळखी प्रोग्राम उतरवून चालवू नयेत, स्वतःच्या खात्यातसुद्धा नाही.

संशयास्पद काही सापडल्यास ते पुसू नका, तपासाला लागते. ताबडतोब अ‍ॅडमिनला कळवा आणि पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून बदला. त्याच सर्व्हरवरून बदललात तर नवा पासवर्डही स्पायवेअरच्या आयता हाती लागेल.