ठसे मोजून चांदी मोजणं

प्रिय मिलिंद,

तुझा परवाचा प्रश्न अगदी ऑडिटरला शोभणारा होता. टांकसाळीची वही नाही, चोपडी नाही, मग अडीच हजार वर्षांपूर्वी अमक्या गावाने इतकी नाणी पाडली असं जुन्या ग्रीक नाण्यांचे अभ्यासक कुठल्या आधारावर सांगतात? फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

ग्रीक नाणं हाताने पाडायचे. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वरून दुसरा ठसा धरायचा आणि त्यावर घणाचा घाव घालायचा. हे ठसे कारागीर हाताने उलटे कोरत, त्यामुळे कुठलेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसतात. अथेन्सचं चार द्राख्मांचं नाणं घे (द्राख्मा हे तिथलं चांदीचं चलन), एका बाजूला अथीना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. अशी दोन नाणी शेजारी ठेवली की वरवर जुळी वाटतात. मग भिंग घेऊन बघायचं: अथीनाच्या शिरस्त्राणावरच्या ऑलिव्हच्या पानांची टोकं कुठे वळतात, घुबडाशेजारच्या तीन अक्षरांपैकी पहिलं त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आहे की जरा खाली, दोन अक्षरांत अंतर किती. सगळं जुळलं तर ठसा एकच. ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. तडा वाढत जातो तशी रेघही वाढते, आणि कुठलं नाणं आधी पाडलं, कुठलं नंतर, तेही कळतं. डोळे फुटायची वेळ येते, पण नाणेशास्त्रातलं इतकं भरवशाचं काम दुसरं नाही.

मोजायचा तो ऐरणीतला, म्हणजे सहसा मुखवट्याच्या बाजूचा ठसा. घाव थेट वरच्या ठशावर बसतो, त्यामुळे तो लवकर कामातून जातो. खालचा आधाराला असल्याने जास्त टिकतो.

आता तुझ्या आवडीचा भाग. समज, एका मालिकेची १०० नाणी जगभरच्या संग्रहांत सापडली आणि त्यांत ५० वेगळे ठसे निघाले. मुळात ठसे किती असतील? सगळ्यांत साधं सूत्र असं: नाणी गुणिले ठसे, भागिले त्या दोहोंतला फरक. १०० गुणिले ५० म्हणजे ५,०००, भागिले ५०, उत्तर १००. म्हणजे निम्मे ठसे अजून आपल्या नजरेआडच आहेत. पण ३०० नाण्यांत फक्त ३० ठसे निघाले, तर उत्तर येतं जेमतेम ३३, म्हणजे जवळजवळ सगळे सापडले. तेच ते ठसे पुन्हा पुन्हा भेटू लागले की नवं फारसं उरलेलं नाही, एवढाच त्यातला तर्क.

हे सूत्र सगळे ठसे सारखेच राबले असं धरून चालतं, आणि तसं कधीच नसतं. एखादा दुसऱ्या दिवशीच फुटतो. म्हणून वॉरन एस्टी या गणितज्ञाने प्रश्नच फिरवला: ठसे किती, हे सोड, एकूण उत्पादनातला किती हिस्सा आपल्याला माहीत असलेल्या ठशांतून निघाला, ते सांग. ज्यांचं एकच नाणं सापडलंय असे ठसे मोजायचे, त्यांना एकूण नाण्यांनी भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं. आय. जे. गुड यांनी १९५३ साली प्राणी-वनस्पतींच्या जाती मोजण्यासाठी मांडलेली हीच युक्ती. हे गुड महायुद्धात ट्युरिंगसोबत जर्मन संकेत फोडणारे! मला हा मार्ग जास्त पटतो, कारण न सापडलेले ठसे बहुतेक कमी राबलेलेच असतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सगळी नाणी एकाच हंड्यातली नकोत. टांकसाळीतून थेट जमिनीत गेलेलं घबाड असेल तर तेच ते ठसे भेटतात आणि मूळ ठशांचा अंदाज खाली येतो.

इथपर्यंत तू सही करशील. पुढे मात्र तुझी लाल पेन्सिल बाहेर येईल. ठसे कळले, पण एका ठशातून नाणी किती?

याचा पुरावा म्हणून नेहमी ग्रीसमधल्या डेल्फीच्या अपोलो देवळाकडे बोट दाखवतात. डेल्फीशेजारच्या फोकिस प्रांताच्या लोकांनी या देवळावरून पेटलेल्या ‘पवित्र युद्धा’त देवळाची संपत्ती वापरून सैन्य पोसलं. इ.स.पू. ३४६ मध्ये ते हरले आणि त्यांच्यावर हप्त्याने भरपाई लादली गेली. पुढे ३३६ च्या सुमारास देवळाचा कारभार बघणाऱ्या अँफिक्टिओनी मंडळाने देवळातली निरनिराळ्या गावांची जुनी नाणी वितळवून आपली नवी नाणी पाडली, एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली डिमिटर देवी, दुसऱ्या बाजूला बसलेला अपोलो. देवळाचे हिशेब दगडावर कोरलेले होते, त्यामुळे चांदीचा अंदाज करता येतो, आणि ठसे मोजलेले आहेत. फिलिप किन्स यांनी १९८३ मध्ये भागाकार केला: एका ठशामागे साधारण २३ हजार ते ४७ हजार नाणी. खालचा आकडा वरच्याच्या निम्मा! तुझ्या ऑडिटमध्ये असा ताळेबंद कोणी आणला असता तर?

तरीही बहुतेक अभ्यासक सोयीसाठी २०,००० धरतात. त्याने काय होतं बघ. अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्याचं वजन १७.२ ग्रॅम, म्हणजे एका ठशामागे ३४४ किलो चांदी. ६,००० द्राख्मांचा एक टॅलंट, तेव्हा साधारण सव्वातेरा टॅलंट. दोनशे माणसांच्या युद्धनौकेला दर माणशी रोज एक द्राख्मा दिली तर महिन्याला एक टॅलंट लागतो, म्हणजे एका ठशात एक जहाज वर्षभर चालून थोडी चांदी उरते. तेच १०,००० धरलं तर जहाज सात महिन्यांच्या आतच बंदराला लागलं.

१९९० च्या दशकात थिओडोर बट्री यांनी यावर तोफ डागली: हे गणित होऊच शकत नाही. ठशांची आयुष्यं वेगवेगळी, चांदी संपली की चांगला ठसाही बाजूला पडणार, आणि एका डेल्फीवरून सगळा ग्रीस कसा मोजायचा? फ्रांस्वा द कालाताय यांनी उत्तर दिलं की अंदाज ढोबळ असला तरी तो टाकून देण्यात शहाणपण नाही.

माझं मत बट्रींच्या बाजूला झुकतं, पण अर्धंच. टॅलंटचे आकडे मी जरा संशयानेच वाचतो. पण ठशांची ठशांशी तुलना करायची तर २०,००० लागतच नाहीत! काळ्या समुद्राकाठच्या पोंटस राज्याचा राजा सहावा मिथ्रिडेटीस याच्या नाण्यांवर वर्ष आणि महिनासुद्धा असतो. त्याचं रोमशी पहिलं युद्ध इ.स.पू. ८९ ते ८५ चं, आणि त्याच सुमारास ठशांची संख्या उसळी घेते. सैन्याचे पगार द्यायचे होते. एका ठशातून दहा हजार निघोत की तीस हजार, उसळी ती उसळीच.

आपल्याकडेही असा माल पडलाय. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं, इंडो-ग्रीक नाण्यांचा वारसा. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला, त्यामुळे खालचा मूळ ठसा ओळखणं महाकठीण. आणि सगळी एकाच जागची, म्हणजे वरचं पथ्यही मोडलंच.

दिवाळीनंतर नाशिकला आलास तर अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेत जाऊ. तोवर एक काम कर: १०० नाण्यांच्या त्या उदाहरणात काही ठसे दुपटीने राबले असं धरून एक्सेलमध्ये हजार वेळा सोडती काढ आणि उत्तर १०० पासून किती हलतं ते कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
शिरीष